शुगरसाठी प्रोबायोटिक कॅप्सूल: आईची गोळी बंद करता येईल का?

आसावरी_नगर

नमस्कार मंडळी. आई ६३ वर्षांची, मधुमेह जुना. मेटफॉर्मिन दोन वेळा जेवणानंतर चालू आहे. मागच्या महिन्यात एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ७.८ आलं. आता भिशीतल्या एका काकूंनी तिला प्रोबायोटिक कॅप्सूलची डबी आणून दिली आहे. "आतड्यातले चांगले जंतू वाढले की शुगर आपोआप उतरते, गोळ्या सोडून दे," असं त्यांचं म्हणणं, आणि आईनं ते मनावर घेतलंय. यात तथ्य किती? घरी दही-ताक रोज असतंच, ते पुरत नाही का? जाणकारांनी सांगावं.

सूक्ष्मदर्शी

आसावरी, आईंची गोळी आज रात्री चुकू देऊ नका. बाकीचं निवांत बोलू.

मी सांगलीला कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचे आणि मलाही मधुमेह आहे, त्यामुळे या विषयावर हाती लागेल ते वाचते. काकूंचं म्हणणं अगदीच निराधार नाही. आपल्याला न पचणारा चोथा मोठ्या आतड्यात पोचला की तिथले जिवाणू तो आंबवतात आणि ब्युटिरेटसारखी आम्लं तयार करतात. त्यांच्यामुळे आतड्याच्या अस्तरातल्या काही पेशी जीएलपी-१ हे संप्रेरक सोडतात आणि ते इन्शुलिन वाढवायला मदत करतं. २०१२ साली चीनमधल्या ३४५ जणांच्या अभ्यासात मधुमेहींच्या पोटात हे ब्युटिरेटवाले जिवाणू कमी सापडले. पुढे २०१५ मध्ये कळलं की मेटफॉर्मिननंही आतड्यातली वस्ती बदलते, म्हणजे सापडलेला काही फरक रोगाचा नव्हता, गोळीचा होता. ब्युटिरेटवाल्यांची घट मात्र गोळीचा परिणाम वगळल्यावरही दिसली.

आता कॅप्सूल. २०१९ मध्ये बेल्जियममध्ये वजन जास्त आणि इन्शुलिनला शरीर नीट दाद देत नाही अशा ३२ जणांवर तीन महिने अकरमान्सिया नावाच्या जिवाणूचा प्रयोग झाला. पाश्चरीकरण करून मारलेले जिवाणू घेणाऱ्यांमध्ये इन्शुलिनचा परिणाम सुधारला, जिवंत जिवाणू घेणाऱ्यांमध्ये तेवढा नाही! तेव्हा डबीवर "इतके कोटी जिवंत" लिहिलंय एवढ्यावर भुलू नये. आणि एका जिवाणूचा गुण दुसऱ्याला चिकटवता येत नाही. डबीच्या मागे बारीक अक्षरात नाव असेल, ते इथे द्या.

दही-ताक जरूर चालू ठेवा, बिनसाखरेचं. विरजणातले बहुतेक जिवाणू आतड्यात मुक्काम करत नाहीत, आणि कढी उकळली की ते मरतातच. पण आत आधीपासून राहणाऱ्यांना खायला घालणं आपल्या हातात आहे: ज्वारीची भाकरी, मोडाची मटकी, हरभरा, पालेभाजी देठांसकट. मटकी एकदम वाटीभर नको, मेटफॉर्मिनवर असलेल्यांचं पोट आधीच फुगतं. दोन चमच्यांपासून सुरुवात करा.

मावळातला

जंतूंनी शुगर उतरल्याची एक बातमी आमच्या ग्रुपवरही फिरत होती. तो अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचा २०१५ चा प्रयोग. जीएलपी-१ तयार करेल असा बदल लॅक्टोबॅसिलस नावाच्या जिवाणूत मुद्दाम केला होता, आणि साखर ३० टक्क्यांपर्यंत उतरली ती मधुमेही उंदरांची. औषधाच्या दुकानात मिळतो तो हा जिवाणू नाही. मूळ बातमीत उंदीर होते, पुढे पाठवणाऱ्यानं ते गाळले.

आसावरी_नगर

ताई, डबी पाहिली. "लॅक्टोबॅसिलस स्पोरोजेनेस" लिहिलंय, बाकी काही नाही.

सूक्ष्मदर्शी

हा म्हणजे बॅसिलस कोॲग्युलन्स, जुन्या नावानं विकतात. अँटिबायोटिकबरोबर जुलाब होऊ नयेत म्हणून आपल्याकडे डॉक्टर सर्रास देतात. मी वर सांगितलेल्या अभ्यासांतला जिवाणू हा नव्हे. आईंना घ्यायचीच असेल तर डॉक्टरांना डबी दाखवून घ्या, पण मेटफॉर्मिनच्या जोडीला, तिच्या जागी नाही. ७.८ वर गोळी सोडली तर साखर चढेल, आणि दोन-चार आठवडे त्यांना काही जाणवणारही नाही, हीच मला काळजी वाटते. डॉक्टरांकडे जाल तेव्हा बी-१२ तपासायचं का तेही विचारा. बरीच वर्षे मेटफॉर्मिन घेतलं की ते कमी होऊ शकतं. काकूंना दुखवायचं नसेल तर आईंना सांगा, तीन महिन्यांनी पुन्हा एचबीएवनसी करू आणि गोळीचं काय ते तेव्हा डॉक्टरांनाच ठरवू दे.