मदत हवी आहे: ५ सिरीजचे रन-फ्लॅट काढून साधे टायर टाकावेत का? (पुणे)

नमस्कार मंडळी,

गाडी २०१८ ची बीएमडब्ल्यू ५२०डी, लक्झरी लाइन. चारही टायर २४५/४५ आर१८ (म्हणजे १८ इंची रिम), गाडीबरोबर आलेलेच रन-फ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी काही अंतर चालणारे. नक्षी झिजत आलीय, पावसाळ्याआधी बदलायचेच आहेत. कोणते टाकायचे, एवढंच ठरत नाहीये.

ही गाडी मुख्यतः आईसाठी चालते. तिच्या कमरेच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय. कोथरूडमधून फिजिओथेरपीला नेणं-आणणं असतं आणि अधूनमधून कराडला मामाकडे जाणं. हायवेवर काहीच तक्रार नाही, आई झोपूनसुद्धा जाते. त्रास आहे तो गावात, पंचवीस-तीसच्या वेगाला. पौड रस्त्यावरच्या खोदून पुन्हा बुजवलेल्या चरी, रस्त्याच्या पातळीच्या खाली गेलेली चेंबरची झाकणं, डांबर संपून पेव्हर ब्लॉक सुरू होतात तिथली कड. मोठा खड्डा लांबून दिसतो, चुकवता येतो. या बारक्या कडा चुकवता येत नाहीत आणि नेमकी तिथेच गाडी आदळते. पुढे चेंबर दिसलं की आई आता आधीच खिडकीवरचं हँडल धरते, दुसरा हात सीटवर टेकवते आणि अंग जरासं उचलून घेते. मला आरशात दिसतं सगळं. ती एका शब्दाने बोलत नाही, पण मला ते बघवत नाही.

टायरच्या दुकानात गेलो तेव्हा तिथल्या माणसाने एक रन-फ्लॅट आणि एक साधा टायर शेजारी शेजारी उभे केले आणि म्हणाला, दाबून बघा. साध्याची बाजू अंगठ्याने सहज आत जाते. रन-फ्लॅटची दोन्ही हातांनी जोर लावूनही हलत नाही. हवा पूर्ण गेली तरी गाडीचं वजन पेलायचं म्हणून साइडवॉलमध्ये जाड रबर भरलेलं असतं. पंक्चर झाल्यावर साधारण ८० च्या वेगाने ८० किलोमीटर जाता येतं ते त्याच्याच जोरावर. पण तीच कडक भिंत रोज प्रत्येक चेंबरवर आपल्याला जाणवते, शिवाय टायर जडही असतो.

माझ्यासमोर दोन रस्ते आहेत. पहिला, रिम हेच ठेवून साधे टायर. दुकानदाराने मिशेलिन प्रायमसी ४ एसटी आणि योकोहामा अ‍ॅडव्हान डीबी ही नावं सुचवली, दोन्ही शांत आणि आरामशीर म्हणून विकले जाणारे. पायलट स्पोर्ट ४ सारखे वेगासाठी बनवलेले टायर मला नको आहेत.

दुसरा रस्ता १७ इंची रिम घेऊन २२५/५५ आर१७ टाकायचा. हिशोब करून बघितला: आत्ताची साइडवॉल सुमारे ११० मिलिमीटर आहे, ती १२४ च्या आसपास जाते. चाकाचा एकूण व्यास मात्र दोन मिलिमीटरनेही बदलत नाही, म्हणजे स्पीडोमीटर बिघडायची भीती नाही. परदेशात ही गाडी याच मापावर कंपनीतूनही मिळत असे. चौदा मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतं, पण खड्ड्याच्या कडेवर रिम आणि रस्ता यांच्यामध्ये तेवढंच रबर असतं.

अडतंय ते इथे. कधीकधी बाबा एकटेच आईला घेऊन कराडला जातात. वय ७१. डिकीत बारीक स्टेपनी आहे, पण रात्री खंबाटकीच्या घाटात त्यांनी जॅक लावून चाक बदलावं ही कल्पनाच मला सहन होत नाही. रन-फ्लॅट असले की ते निदान सातारा गाठतील.

ज्यांनी स्वतः रन-फ्लॅटवरून साध्यावर बदल केलाय त्यांचे अनुभव हवेत. मागच्या सीटवर खरंच फरक पडतो का? की पुढे बसणाऱ्यालाच तो जाणवतो?

प्रतिसाद १

माझी ३ सिरीज आहे, औंध ते हिंजवडी रोजचं येणं-जाणं. रन-फ्लॅट काढून साधे टाकले. फरक पडतो, आणि मागे जास्त जाणवतो. खड्डा नाहीसा होत नाही, पण त्याची धार जाते. आधी जिथे "खाड्" व्हायचं तिथे आता "धप्प" होतं. काँक्रीटवरचा आवाजही कमी झाला. स्टीअरिंग थोडं सैल वाटतं, पहिले काही दिवसच.

वडिलांच्या काळजीबद्दल. खिळा घुसला तर ट्यूबलेस टायरची हवा बहुतेक वेळा हळूहळू जाते. डॅशबोर्डवर सूचना येते, बारा व्होल्टच्या छोट्या कंप्रेसरने हवा भरायची आणि पुढच्या पंक्चरवाल्यापर्यंत जायचं. वाकावंही फारसं लागत नाही, व्हॉल्व्हला नळी लावली की झालं. हे घरी पार्किंगमध्ये त्यांच्याकडून एकदा करून घ्या. मात्र साइडवॉल फाटली तर कंप्रेसर काही कामाचा नाही. तिथे रन-फ्लॅटच बरा, हे मान्य करायलाच हवं. मग रोडसाइड असिस्टन्स चालू ठेवा आणि तो नंबर त्यांच्या फोनमध्ये सगळ्यात वर असू द्या.

दोन रन-फ्लॅट आणि दोन साधे असं मिश्रण कृपा करून करू नका. बदलायचे तर चारही.

१७ इंची घेतलेत तर हवेच्या दाबाचे सेन्सर जुन्या रिममधून काढून नव्यात बसवून घ्यावे लागतील. नाहीतर ती सूचनाच येणार नाही, आणि तुमच्या बाबतीत सगळी भिस्त त्या सूचनेवरच आहे.

प्रतिसाद २

टायरवर पैसे घालण्याआधी दोन गोष्टी बघा.

टायरच्या बाजूवर डॉट लिहिलेल्या ओळीत शेवटचे चार आकडे असतात. २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. एवढा जुना टायर नक्षी शिल्लक असली तरी कडक झालेला असतो, मग तो रन-फ्लॅट असो वा साधा. नवीन घेतानाही हेच आकडे वाचा. जून २०२० मध्ये सरकारने टायरच्या आयातीवर निर्बंध आणले, तेव्हापासून या मोठ्या मापांचा माल सगळीकडे सारखा मिळत नाही. कुणी पडून राहिलेला माल गळ्यात मारत असेल तर घेऊ नका.

दुसरं, गाडी लिफ्टवर चढवून कंट्रोल आर्मचे बुश (चाक गाडीला जोडणाऱ्या दांड्यांचे रबरी सांधे) आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर तपासून घ्या. बुश गेले असतील तर कुठलाही टायर लावा, दणका बसणारच. आणि हवा दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे भरा, टायर गार असताना. बरेच जण विचारल्याशिवाय जास्तच भरून देतात, त्यानेही गाडी आपटते.

मूळ धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. आज सकाळी गाडी गार असताना हवा मोजली. चारही चाकांत स्टिकरपेक्षा जास्त होती, मागच्या दोन्हींत तर बरीच. बरोबर केली आणि आईला घेऊन त्याच रस्त्याने गेलो. थोडा फरक आहे, पण हात हँडलवरून सुटला नाही. टायरवरचे आकडे २०१८ चेच निघाले. बुश गॅरेजमध्ये दाखवले, ठीक आहेत म्हणाले.

म्हणजे रन-फ्लॅट जाणार हे नक्की. कंप्रेसरची तालीम बाबांकडून रविवारी करून घेतो, ते लगेच तयार झाले.

आता कल १७ इंचीकडे आहे. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) बघितला: २२५/५५ आर१७ मध्ये ९७ म्हणजे एका टायरला ७३० किलो. माझ्या आत्ताच्या टायरवर १०० लिहिलंय, म्हणजे ८०० किलो. बाबा-आई, सामान आणि आम्ही दोघं असं पूर्ण भरून जाताना ९७ चालेल, की एक्सएल (जास्त वजन पेलणारा) म्हणजे १०१ वालाच शोधू? एक्सएलची साइडवॉल पुन्हा कडक असते का? ५ सिरीजवर हे माप वापरणारं कुणी असेल तर कृपया सांगा. आणि पुण्यात बीएमडब्ल्यूचे मूळ १७ इंची रिम, वाकवून सरळ न केलेले, खात्रीने कुठे मिळतील?