प्रवासाच्या विनोदी व्हिडिओत सामान्य माणसाची खिल्ली: तक्रार करावी की हसून सोडून द्यावे?

दांडियाबाजारकर (प्रश्न)

नमस्कार. यूट्यूबवर हल्ली प्रवासाच्या नावाखाली एक प्रकार फार बोकाळला आहे. दोन-तीन तरुण एखाद्या गावी जातात, तिथल्या बाजारात वेडगळ परदेशी पाहुण्याचे नाहीतर कशाचाच गंध नसलेल्या श्रीमंत पोराचे सोंग घेतात आणि समोर येईल त्या दुकानदाराची, रिक्षावाल्याची, भाजीवालीची फिरकी घेतात. गावाची माहिती तोंडी लावण्यापुरती असते. विकला जातो तो त्या माणसाचा गोंधळलेला चेहरा.

अशी एक मंडळी मध्यंतरी आमच्या बडोद्यात येऊन गेली. मांडवी, न्यायमंदिर, सूरसागर असे फिरत ती माझ्या आतोबांच्या सेव-उसळीच्या लारीपाशी, म्हणजे हातगाडीपाशी, थांबली. सोंग घेतलेल्या मुलाने तरीच्या वाटीत बोटे बुडवली आणि हात धुण्याचे पाणी एवढे तिखट का, असे मोडक्या हिंदीत विचारले. आतोबांनी ओशाळून आधी त्याच्या हातात कागद दिला, मग नवी वाटी भरून दिली आणि ‘साहेब, आ तरी छे, धीरे से घ्या’ असे बजावले. आमच्याकडे सगळेच असे बोलतात आणि कोणाला त्यात वावगे वाटत नाही. व्हिडिओत मात्र ते वाक्य तीनदा वाजवले आहे, खाली ‘भाषा सापडली नाही’ अशी पट्टी टाकली आहे आणि शेवटी आतोबांचा चेहरा स्थिर करून त्यावर ‘काका हँग झाले’ असे लिहिले आहे.

तेव्हापासून कॉलेजची पोरे लारीपाशी येऊन तेच वाक्य म्हणतात, आणि खाणाऱ्यांपेक्षा मोबाईल उगारणारेच जास्त दिसतात. धंदा थोडा वाढला म्हणून आतेभाऊ खूश आहे. आतोबा मात्र संध्याकाळी लारीवर उभे राहायचे टाळू लागले आहेत. त्यांना कोणी आधी विचारले नव्हते. नंतर ‘चालेल ना, काका?’ असे विचारले तेव्हा भोवती गर्दी जमली होती आणि ते ‘चालेल’ म्हणाले. हीच त्यांची संमती, असे चॅनलवाले सांगतात. याबाबत काही करता येते का, की आम्हालाच विनोद कळत नाही?

सयाजीगंजचा प्रेक्षक

आपल्या आतोबांबद्दल पूर्ण आदर राखून थोडी दुसरी बाजू मांडतो. छुप्या कॅमेऱ्याचा विनोद आजचा नाही. अमेरिकेत अॅलन फंट यांनी 1947 मध्ये तो रेडिओवर सुरू केला आणि 1948 मध्ये दूरचित्रवाणीवर आणला; पुढे तो ‘कँडिड कॅमेरा’ या नावाने गाजला. आपल्याकडे ‘एमटीव्ही बकरा’ पाहून आमची पिढी लोटपोट हसली, आणि कॅनडातला ‘जस्ट फॉर लाफ्स गॅग्ज’ तर संवादच नसल्यामुळे कोणत्याही देशात चालतो. या सगळ्यांत शेवटी कॅमेरा कुठे आहे ते दाखवले जाते आणि फसलेला माणूसही हसतो. प्रवासाच्या कार्यक्रमांपुरते बोलायचे तर 2010 मध्ये ब्रिटनच्या स्काय वाहिनीवर आलेल्या ‘अॅन इडियट अब्रॉड’मध्ये थट्टेचा विषय प्रवासाला निघालेला कार्ल पिल्किंग्टन हाच होता, ताजमहालापर्यंत येऊनही तो कुरकुरतच राहिला आणि लोक त्यालाच हसले. तेव्हा सरसकट सगळ्या प्रकाराला नावे ठेवू नयेत, आणि लारीवर गिऱ्हाईक वाढले असेल तर तेही विसरू नये.

संकलनमेज

मी दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमांचे संकलन करतो, म्हणून या प्रकाराची आतली बाजू सांगतो. जो चेहरा स्थिर केला आहे तो त्याच प्रश्नावर उमटलेला असेल, असे धरून चालू नका. असे चित्रीकरण बराच वेळ चालते आणि त्यातली जेमतेम दोन मिनिटे उरतात. मधल्या वेळात माणूस सुटे पैसे मोजतो, स्टोव्हची ज्योत बघतो, हॉर्न वाजला की रस्त्याकडे वळतो. यांतला कुठलाही कोरा चेहरा उचलून प्रश्नामागे जोडला की शहाणा माणूस बावळट दिसू लागतो. रशियातल्या लेव कुलेशॉव यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच हे दाखवून दिले होते. एकाच नटाचा तोच निर्विकार चेहरा त्यांनी एकदा सूपच्या वाडग्यापाठोपाठ आणि एकदा शवपेटीपाठोपाठ दाखवला, तेव्हा पाहणाऱ्यांना त्यात भूक आणि दुःख असे वेगवेगळे भाव दिसले. आमच्या धंद्यात हा धडा सुरुवातीलाच मिळतो. पण तो चेहरा व्यावसायिक नटाचा होता. हा एका लारीवाल्याचा आहे.

जोड ओळखायची असेल तर चेहऱ्याकडे न बघता आजूबाजूला बघा. प्रश्न येतो तेव्हा हातात काय आहे, मागे कोणते वाहन उभे आहे, सावली कुठे पडली आहे, हे टिपून घ्या आणि स्थिर केलेल्या चित्राशी ताडून पाहा.

संमतीबद्दलही एक गोष्ट सांगतो. मोठ्या वाहिन्यांवर ‘रिलीज फॉर्म’वर, म्हणजे संमतिपत्रावर, सही घेतल्याशिवाय असा भाग सहसा पुढे जात नाही, सही मिळाली नाही तर चेहरा धूसर करतात किंवा प्रसंगच कापतात. मात्र ही सही मागतात केव्हा, तर खिल्ली उडवून झाल्यावर, सगळे हसत असताना आणि कॅमेरा अजून तोंडासमोर असताना. त्या वेळी नाही म्हणणारा माणूस चारचौघांत रडका ठरतो. सयाजीगंजच्या मित्रांनी सांगितलेल्या कार्यक्रमांतला माणूस शेवटी हसतो हे खरे, पण जे हसले नाहीत त्यांचे भाग आपल्यापर्यंत कधी आलेच नाहीत.

वाडीतले आजोबा

बडोदेकर मंडळींना आठवण करून देतो, की चिमणरावाचे जनक चिं. वि. जोशी याच गावच्या महाविद्यालयात पाली भाषा शिकवत होते. त्यांनी मध्यमवर्गाची यथेच्छ थट्टा केली, पण ती सांगणारा चिमणराव स्वतःच प्रत्येक घोटाळ्यात सापडलेला असतो. परगावी जाऊन तिथल्या गरिबाचे बोलणे चघळत बसणे, हा विनोद मला तरी त्या जातीचा वाटत नाही.

कझाकस्तानच्या पत्रकाराचे सोंग घेऊन लोकांची फिरकी घेणाऱ्या 2006 च्या ‘बोरात’ चित्रपटाचे उदाहरण येथे घेण्यासारखे आहे. त्यात कझाकस्तानातले म्हणून जे मागासलेले गाव दाखवले, ते प्रत्यक्षात रोमानियातले ग्लोड नावाचे खेडे होते. आपल्या गरिबीवर माहितीपट होतो आहे असे आपल्याला वाटले होते, असे तिथल्या लोकांनी नंतर सांगितले. अमेरिकेत ज्यांची फिरकी घेतली गेली त्यांतल्या काहींनी न्यूयॉर्कमध्ये दावे लावले. पण त्यांनी संमतिपत्रांवर सह्या केलेल्या होत्या, आणि 2008 मध्ये न्यायालयाने ते दावे फेटाळले. कझाकस्तान सरकार आरंभी खवळले होते, आणि त्याच देशाच्या पर्यटन विभागाने 2020 मध्ये चित्रपटातला शेरा आपल्या जाहिरातीचे घोषवाक्य म्हणून वापरला. देशापाशी जाहिरात खाते असते, म्हणून त्याला थट्टा उलटवता आली. ग्लोडच्या शेतकऱ्यापाशी काय होते? गिऱ्हाईक वाढले म्हणून आतोबांनी गप्प बसावे, या म्हणण्याशी मी म्हणूनच सहमत नाही. तो हिशेब आतोबांनी करायचा आहे, प्रेक्षकांनी नव्हे.

रावपुऱ्यातील वकील

कायद्याचे जेवढे इथे उपयोगी आहे तेवढेच लिहिते. सार्वजनिक रस्त्यावर चित्रीकरण करण्यावर आपल्याकडे सरसकट बंदी नाही, त्यामुळे ‘परवानगीशिवाय कॅमेरा का लावला’ एवढ्यावर फार पुढे जाता येणार नाही. केबल दूरचित्रवाणीच्या 1994 च्या नियमांतील कार्यक्रम संहितेत भाषिक किंवा प्रादेशिक गटांचे कुत्सित व तुच्छतेने केलेले चित्रण निषिद्ध आहे. आपल्या प्रकरणाला ती तरतूद नेमकी लागू पडली असती, पण ती केबलवरच्या कार्यक्रमांसाठी आहे, यूट्यूबवरच्या व्हिडिओसाठी नाही. एप्रिल 2019 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने टिकटॉक या अॅपवरच्या बंदीच्या प्रकरणात ‘प्रँक’ म्हणजे फिरकी घेण्याच्या कार्यक्रमांचाही समाचार घेतला होता आणि कोणालाही असे तिऱ्हाइताच्या चेष्टेचा विषय करणे हा खासगीपणाचा भंग आहे, असे म्हटले होते. तो अंतरिम आदेश होता आणि अॅपवरची बंदी त्याच महिन्यात उठली. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा पुट्टस्वामी प्रकरणातला 2017 चा निकाल तत्त्व म्हणून भक्कम आहे, पण उद्या सकाळी व्हिडिओ उतरवायला तो कामाचा नाही.

कामाची आहे ती यूट्यूबची स्वतःची खासगीपणाविषयीची तक्रार. चेहरा, आवाज किंवा पूर्ण नाव यांवरून माणूस ओळखू येत असेल तर ती करता येते, आणि व्हिडिओ टाकणाऱ्याला बहुधा 48 तासांची मुदत देऊन स्वतःहून बदल करण्याची संधी दिली जाते. तक्रार मात्र ज्याचा चेहरा आहे त्यानेच करायची असते; भाचा म्हणून आपण केलेली तक्रार काही मोजके अपवाद सोडले तर चालत नाही. आतोबांनी आपल्याच फोनवरून करावी आणि आपण शेजारी बसावे. बदनामीचे कलम, म्हणजे भारतीय न्याय संहितेचे 356, इतक्यात काढू नका. त्यासाठी नावलौकिकाला धक्का बसला हे दाखवावे लागते आणि निव्वळ हशाला न्यायालय बदनामी म्हणेलच असे नाही.

दांडियाबाजारकर

सर्वांचे आभार. संकलनमेज यांनी सांगितल्याप्रमाणे काल रात्री व्हिडिओ थांबवत थांबवत पाहिला. प्रश्न विचारला जातो तेव्हा आतोबांच्या उजव्या हातात डाव आहे आणि पावाची लादी न कापलेली आहे. ‘हँग झाले’च्या चित्रात हात रिकामा आहे, लादी अर्धी संपली आहे आणि मागे दुधाची सायकल उभी आहे, जी आधी नव्हती. चेहरा नंतरचा आहे, यात शंका राहिली नाही.

आज दुपारी हे सगळे आतोबांना दाखवले. चेहऱ्याचे त्यांना फारसे काही वाटले नाही, आणि बोलण्याच्या नकलेबद्दल ‘पोरे आहेत, दोन महिन्यांत विसरतील’ असे म्हणाले. ते अस्वस्थ आहेत ते भलत्याच गोष्टीने. बोटे बुडवलेली वाटी त्यांनी लगेच गटारात ओतली होती आणि वाटी धुवायच्या बादलीत टाकली होती. व्हिडिओत तेवढेच कापले आहे. मुलगा बोटे बुडवतो, आतोबा वाटी परत घेतात, आणि पुढच्याच क्षणी ते पातेल्यातून तरी वाढताना दिसतात. पाहणाऱ्याला वाटावे, की उष्टी तरी परत पातेल्यात गेली. ‘लोक माझ्या बोलण्यावर हसले तर हसू देत, पण माझ्याकडे उष्टे वाढतात असे कोणी म्हणता कामा नये,’ असे ते म्हणाले. संध्याकाळी लारीवर न थांबण्याचे कारणही तेच निघाले. दोन नेहमीच्या गिऱ्हाइकांनी त्यांना याबद्दल विचारले होते.

सयाजीगंजचा प्रेक्षक

हे वाचून माझे गिऱ्हाईक वाढल्याचे वाक्य मागे घेतो. खाण्याच्या धंद्यात याहून वाईट शंका नाही. बाकी छुप्या कॅमेऱ्याबद्दलचे माझे मत कायम आहे.

रावपुऱ्यातील वकील

यामुळे प्रकरण बदलते. खाद्यपदार्थ विकणाऱ्याने उष्टे परत वाढले असा समज निर्माण होणे हा थेट व्यवसायाच्या लौकिकाला धक्का आहे, आणि तो संकलनातून निर्माण केला गेला हे मूळ चित्रीकरणावरून सिद्ध होऊ शकते. चॅनलला लेखी कळवा, की वाटी ओतल्याचा भाग घालावा किंवा तो प्रसंग पूर्ण काढावा, आणि मूळ चित्रीकरण नष्ट करू नये. खिल्ली, भाषा, पट्ट्या यांचा त्या पत्रात उल्लेखही नको. तक्रार एकाच मुद्द्याची असली की उत्तर टाळता येत नाही.

पत्र धाडण्याआधी एक काम करा. यूट्यूबवर टाकलेल्या व्हिडिओचा मधला भाग टाकणाऱ्याला नंतरही कापता येतो आणि दुवा तोच राहतो. म्हणून आत्ताच संपूर्ण व्हिडिओ जतन करा, दुवा, तारीख आणि वेळ कागदावर लिहून ठेवा, आणि तो ज्या फोनवर किंवा संगणकावर उतरवला तो कोणाचा हेही नोंदवा. पुढे गरज पडली तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालील प्रमाणपत्रासाठी ही माहिती लागते.

दांडियाबाजारकर

व्हिडिओ आतेभावाच्या संगणकावर उतरवून घेतला आहे. पत्र मराठीत लिहून झाले आहे. चॅनलची मंडळी मुंबईची असल्यामुळे तेच पाठवतो आणि सोबत हिंदी प्रत जोडतो. उद्या लारी लावण्याआधी आतोबांची सही घेईन, आणि यूट्यूबवरची तक्रार ते स्वतः त्याच वेळी करतील.