तंबोऱ्यावर ध्यान: गंधार उमटत नाही

माग_सोलापूर: पंचमात लावलेला तंबोरा आहे, पण स्वयंभू गंधार (न छेडता आपोआप उमटणारा ‘ग’) ऐकूच येत नाही. त्यात शेजारी यंत्रमागांची खडखड. काय करावं?

जवारी: आधी खर्ज, म्हणजे सगळ्यात खालच्या ‘सा’ची तार बघा. गंधार त्याच्या पाचव्या स्वरांशातून (मूळ कंपनाच्या पाचपट कंपनातून) येतो. घोडीवरचा, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवरचा दोरा केसभर पुढे-मागे सरकवा. आवाज बोदा आला तर दोरा चुकलाय, नुसता झणझणला तरी चुकलाय. जोड, म्हणजे मधल्या दोन ‘सा’च्या तारा, त्यांत ओवलेल्या मण्यांनी मिळवा. आपल्याकडच्या उन्हात तार तापून उतरते, त्यामुळे बसण्याआधी पुन्हा लावा.

साक्षी: गंधाराच्या मागे लागू नका हो! खर्ज एकदाच छेडा, विरेपर्यंत ऐका. उरलेल्या शांततेत ‘ऐकतंय कोण?’ एवढंच. मांडूक्य उपनिषद ॐकाराच्या तीन मात्रांपलीकडचं (अ, उ, म यांच्या पलीकडचं) ‘अमात्र’ म्हणतं, ते इथे ताडून बघा. डुलकी लागली तर पाठ टेकलेली असणार.

जवारी: आणि मागांशी भांडू नका, तोही नादच.