टोल्युइनच्या ड्रमातून काढताना चट् करून ठिणगी उडाली, हे नॉर्मल आहे का?

कुपवाड_स्टोअर

नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीत एका पेंटिंगच्या युनिटला स्टोअर बघतो, नुकताच लागलोय. थिनर म्हणून आमच्याकडं टोल्युइन येतं, २०० लिटरचे लोखंडी ड्रम. ड्रम लाकडी स्टँडवर आडवा ठेवतात, तोटी लावतात आणि खाली प्लास्टिकची बादली धरून काढतात. परवा सकाळी थंडी होती, हवा एकदम कोरडी, बादली अर्ध्याच्या वर भरली आणि पोरानं उचलताना लोखंडी कडी तोटीजवळ गेली तर चट् असा आवाज आला. शेडमध्ये अंधार होता म्हणून मला बारीक निळी ठिणगी पण स्पष्ट दिसली. पेटलं काही नाही. मालकांना सांगितलं तर म्हणाले थंडीत होतंच असं, स्वेटर काढताना नाही का होत, इतकी वर्षं असंच काढतोय.

मला मात्र तेव्हापासून त्या ड्रमाजवळ जायला नको वाटतं. शिवाय दोन रिकामे ड्रम उभे कापून मालकांना गावाकडं जनावरांच्या पाण्याला न्यायचेत, कटरवाला येत्या आठवड्यात येणार आहे. आणि पोरं संध्याकाळी हाताचा रंग काढायला सरळ टोल्युइननंच हात धुतात. जाणकारांनी सांगा, मी उगाच घाबरतोय का?

सातारा_सेफ्टी

भाऊ, उगाच नाही घाबरत. आधी त्या बादलीत काढणं बंद करा आणि मग बाकीचं वाचा.

स्वेटरची ठिणगी आणि ही ठिणगी एकच आहे, पण स्वेटरच्या भोवती टोल्युइनची वाफ नसते. टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट साधारण ४ अंश सेल्सिअस आहे, म्हणजे आपल्याकडं सांगली-साताऱ्यात वर्षातला कुठलाही दिवस घ्या, पहाटेच्या थंडीतसुद्धा त्याच्या पृष्ठभागावर पेटण्याइतकी वाफ तयारच असते. ती वाफ पेटायला पाव मिलिज्यूलच्या आसपास ऊर्जा पुरते आणि माणसाच्या बोटाला जी ठिणगी चटका म्हणून जाणवते ती याच्या कितीतरी पट मोठी असते. परवा पेटलं नाही कारण नेमक्या त्या जागी त्या क्षणी वाफेचं प्रमाण जुळलं नसेल, यापलीकडं कारण नाही.

आता ही ठिणगी आली कुठून ते बघा. टोल्युइन वीज जवळजवळ वाहून नेत नाही. तोटीतून वाहताना, बादलीत आपटताना त्यात स्टॅटिक चार्ज तयार होतो आणि प्लास्टिकच्या बादलीतून तो जमिनीत उतरतच नाही. मग बादलीची लोखंडी कडी, जिला कुठंच अर्थिंग नाही, ती चार्ज धरून बसते आणि लोखंड जवळ आलं की सोडते. तुमचा ड्रमही लाकडी स्टँडवर आहे म्हणजे तोही अधांतरीच. हवा कोरडी असली की हे वाढतं, म्हणून तुम्हाला ते थंडीत दिसलं.

अजून एक गोष्ट लोकांना माहीत नसते. पेट्रोलच्या बंद टाकीत वाफ एवढी दाट असते की आतल्या आत सहसा पेटत नाही. टोल्युइनचं उलटं आहे. हवेत १.१ ते ७.१ टक्के वाफ असली की ते पेटतं, आणि २० अंशाला बंद ड्रमात वाफ असते ३ टक्क्यांच्या जवळपास, ३० अंशाला ५ च्या जवळपास. म्हणजे आपल्या रोजच्या हवामानात अर्ध्या ड्रमाच्या रिकाम्या भागात बरोबर पेटण्याच्या मापाची वाफ भरलेली असते. ठिणगी तोटीवरून आत गेली तर पुढचं मी लिहीत नाही.

करायचं काय, तर प्लास्टिकची बादली काढून झाकणाचा लोखंडी कॅन घ्या, प्लास्टिकचं नरसाळंही नको. ड्रमला अर्थिंगची वायर, आणि ड्रम ते कॅन दुसरी वायर, दोन्ही टोकं तोटी उघडायच्या आधी लावायची आणि तोटी बंद करून जरा थांबल्यावर काढायची. क्लॅम्प टोकदार पाहिजे, रंगावर नुसता चिकटवून उपयोग नाही, रंग खरवडून चकचकीत लोखंडाला लागला पाहिजे. तोटीचं तोंड कॅनच्या तळापर्यंत जाईल असा धातूचा पाईप लावा आणि हळू सोडा, वरून धार पडली की चार्ज जास्त होतो.

मिरजेचा_फिटर

ड्रम कापायचा इषय निघाला म्हणून लिवतो. भावा, त्या कटरवाल्याला आजच फोन लाव आन् नगं म्हणून सांग. भरल्या ड्रमापेक्षा रिकामा ड्रम वाईट. भरल्यात निदान जागा तरी कमी असती, रिकाम्यात सगळी वाफच. लई वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या शेडात एकानं बुच काढून दोन दिवस उन्हात ठेवलेला ड्रम गॅस कटरनं कापाय घेतला, वास येत न्हाई म्हणून. झाकण उडालं ते वरचा पत्रा फाडून पलीकडं गेलं. मानूस बाजूला उभा हुता म्हणून वाचला, पन कान गेला त्येचा. शिवणीत, बुचाच्या आट्यात, कडंच्या बेचक्यात माल अडकून बसतोय, बाहेरनं दिसत न्हाई. ग्राइंडर असू दे न्हायतर वेल्डिंग, ठिणगी ती ठिणगीच.

सातारा_सेफ्टी

काका बरोबर सांगतायत. हिशोबच करून बघा, २०० लिटरच्या ड्रमात पेटण्याच्या खालच्या मर्यादेपर्यंत वाफ जायला फक्त दहा-अकरा मिली टोल्युइन लागतं, चहाचे दोन चमचे. एवढं तर तळाला कायमच राहतं.

आणि जनावरांना त्यातलं पाणी पाजायचं डोक्यातून काढूनच टाका. केमिकलचे रिकामे ड्रम २०१६ च्या घातक कचरा नियमांत घातक कचरा म्हणून धरलेत, ते प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या रिकंडिशनिंगवाल्यालाच द्यायचे आणि पावती ठेवायची. मालकांना हे कायद्याच्या भाषेत सांगितलं तर लवकर पटतं असा माझा अनुभव आहे.

ओएचसी_ताई

दादा, मी कारखान्याच्या दवाखान्यात सिस्टर आहे, हात धुण्याबद्दल लिहिते. टोल्युइन त्वचेतलं तेल ओढून घेतं म्हणून पोरांचे हात पांढरे पडतात, भेगा जातात, आणि त्याच भेगांतून रंगाचं बाकीचं केमिकल आत जातं. हात धुवायला साबण, कोमट पाणी किंवा रंग काढायची हँड क्लीनर पेस्ट ठेवा. वास घेतल्यानं आधी डोकं जड होतं, मग गरगरतं, मळमळतं, दारू चढल्यासारखं बोलणं होतं. नाकावर विश्वास ठेवू नका, थोड्या वेळानं नाकाला सवय होते आणि वास येईनासा होतो, प्रमाण तेवढंच असलं तरी. रोज वर्षानुवर्षं जास्त प्रमाणात गेलं की मेंदू, कान, रंग ओळखायची नजर यांवर परिणाम होतो. कुणी बाई गरोदर असेल तर तिला त्या कामावर अजिबात ठेवू नका.

कापडी मास्क किंवा धुळीचा मास्क वाफ अडवत नाही, ऑरगॅनिक व्हेपरचं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो आणि कार्ट्रिज वेळेवर बदलावं लागतं. हातमोज्यांचंही तसंच, ते निळे पातळ नायट्राइल मोजे टोल्युइन काही मिनिटांतच आरपार सोडतात. पोरं मोजे घातलेत म्हणून निर्धास्त होतात, मला त्याचीच जास्त काळजी वाटते. कुणाला चक्कर आली तर आधी मोकळ्या हवेत न्या, आणि चुकून पोटात गेलं असेल तर उलटी करवू नका, फुप्फुसात गेलं तर फार वाईट, सरळ दवाखाना.

कुपवाड_स्टोअर

सगळ्यांचे मनापासून आभार, कटरवाल्याला नको म्हणून सांगितलं. अजून दोन शंका. मालक विचारतायत लायसन लागतं का, आणि आमच्याकडं सकाळी शेडमध्येच देवाला उदबत्ती-दिवा असतो, खंडेनवमीला तर सगळ्या मशीनसमोर निरांजन. स्टोअर शेडच्या कोपऱ्यातच आहे.

सातारा_सेफ्टी

लायसनचं असं की फ्लॅश पॉइंट २३ अंशाच्या खाली म्हणजे टोल्युइन पेट्रोलियम कायद्यातल्या अ वर्गात बसतं. विक्रीसाठी नसेल तर अ वर्गाची बिनलायसनची मर्यादा एकूण ३० लिटर आहे, तुमचा एक ड्रमच २०० चा. त्यामुळं पेसोच्या (पेट्रोलियम आणि स्फोटकांचं लायसन देणारं केंद्र सरकारचं खातं) लायसनचं काम करणाऱ्या माणसाला गाठा आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या ऑफिसातही विचारून घ्या.

आता देवाचं सांगतो. टोल्युइनची वाफ हवेच्या तिप्पट जड असते, ती वर जात नाही, जमिनीवरून सरपटत लांबपर्यंत जाते, गटारात, पिटात साठते, आणि दूरच्या दिव्याला लागली की ज्वाला परत ड्रमापर्यंत येते. म्हणून देव ऑफिसात न्या, खंडेनवमीची पूजा करायची असेल तर त्याआधी सगळे ड्रम दुसऱ्या जागी हलवलेले पाहिजेत, आणि एक्झॉस्ट पंखा छताला असून भागत नाही, जमिनीलगत ओढणारा पाहिजे, मोटर आणि दिवे फ्लेमप्रूफ, म्हणजे आतली आग बाहेर जाऊ न देणारे. आग लागलीच तर पाण्याचा फवारा थेट टोल्युइनवर मारू नका, ते पाण्यावर तरंगतं आणि जळत जळत पसरतं. फोम किंवा कोरडी पावडर वापरा, पाणी फक्त बाजूचे ड्रम बाहेरून गार ठेवायला.

मिरजेचा_फिटर

नदीकडंच्या पट्ट्यातल्या शेडवाल्यांनी पन वाचा रं हे. २०१९ च्या पुराचं पानी आठवा, सांगलीच्या आयर्विन पुलाला ५७ फुटाच्या वर गेलं हुतं. टोल्युइनचा भरला ड्रमसुदिक पान्यावर तरंगतोय. पावसाळ्याच्या आदी ड्रम उंचावर हलवायचे न्हायतर साखळदंडानं बांधायचे.

कुपवाड_स्टोअर

मालकांना सगळं वाचून दाखवलं. वायर आणि क्लॅम्पला हो म्हणालेत, देव्हारा उद्या ऑफिसात जाणार. ड्रम लाकडी स्टँडवरून काढून लोखंडी स्टँडवर घेतला तर अर्थिंगची वायर लावायची गरज राहते का?

सातारा_सेफ्टी

राहते. स्टँडला रंग असतो, खाली सिमेंट कोरडं असतं, भरवसा नाही. स्टँडला वेगळी आणि ड्रमला वेगळी वायर घ्या, आणि इलेक्ट्रिशियनकडून मीटरवर मोजून घ्या, ड्रम ते कॅन रोध १० ओहमच्या आत पाहिजे.