कोल्हापूर विमानतळ : तुमच्याही आठवणी लिहा

मंगळवारपेठकर :
काल धाकट्या बहिणीला सोडायला उजळाईवाडीला, आपल्या विमानतळावर, गेलो होतो. सोबत वडील. नव्या टर्मिनलच्या काळ्या दगडी कमानी बघून ते थांबलेच. दगडावरून हात फिरवत म्हणाले, "आम्ही सायकली हाणत यायचो इथं, कुंपणाबाहेरनं विमान बघायला. आलं तर आलं, नाहीतर शेंगा खाऊन परत."

मग गाडीत त्यांनी सगळा इतिहासच काढला. १९३९ साली छत्रपती राजाराम महाराजांनी कोल्हापुरात विमानसेवा आणली. संस्थानचं गाव, आणि विमान! पुढच्याच वर्षी महाराज गेले. त्यानंतर सेवा किती वेळा सुरू झाली आणि बंद पडली, ते आपण सगळ्यांनी बघितलंय. २०१८ ला केंद्राच्या 'उडान' योजनेतून हैदराबाद-बेंगळुरूचं विमान आलं तेव्हा वडिलांनी पेढे वाटले होते. स्वतः आजवर विमानात बसलेले नाहीत. महाराजांचं नाव विमानतळाला लागलंच पाहिजे, हे मात्र ते प्रत्येकाला सांगतात.

तुमचं काय? लिहा सगळ्यांनी.

उचगावची_पोर :
आमच्या गच्चीवरनं दिसतं!! सुरुवातीला पंख्याचं विमान यायचं तेव्हा आज्जी चुलीवरचं दूध टाकून वर पळायची. दूध उतू. आई बोंबलायची. आता आज्जी आवाजावरनं सांगते, "हे मुंबईचं न्हवं, हे दुसरं."

रंकाळा_वेस :
२०१९ चा पूर. शिरोलीजवळ महामार्ग पाण्यात, दोन्हीकडं ट्रकच ट्रक, गावात दूध नाही, पेट्रोल नाही. तेव्हा एनडीआरएफची माणसं विमानानं इथंच उतरली. त्या आठवड्यात कळलं विमानतळ कशाला लागतो. आधी मीच म्हणायचो, श्रीमंतांची सोय आहे. आता म्हणणार नाही.

मंगळवारपेठकर :
@रंकाळा_वेस अगदी. आमच्या गल्लीत पाणी गुडघ्यापर्यंत होतं. तुमची मंडळी कुठं होती तेव्हा?

रंकाळा_वेस :
मुलं आणि ही बहिणीकडं, राजारामपुरीत. मी दुकानात, माळ्यावर.

नकाशावाला :
सेवा सारखी बंद का पडायची, तर मुख्य कारण धावपट्टी. जुनी १३७० मीटरची. एटीआरसारखं पंख्याचं विमान तेवढ्यात जमवतं, मोठ्या जेटला पुरत नाही. त्यात आपण समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर. हवा विरळ आणि उन्हाळ्यात तापलेली, म्हणजे उडायला आणखी लांब पळावं लागतं. नाहीतर माणसं किंवा सामान कमी घ्यायचं. मग कंपनीला परवडणार कसं?

दुसरं म्हणजे पावसाळा. वैमानिकानं नुसत्या नजरेवर उतरायचं तर ५ किलोमीटरपर्यंत दिसायला लागतं. आपल्याकडं जुलैत समोरचं झाड दिसत नाही. म्हणून धावपट्टी वाढवणं, दिवे बसवणं, २०२२ मध्ये रात्रीच्या उड्डाणाला परवानगी मिळणं, हे सगळं मला नव्या इमारतीपेक्षा मोठं वाटतं. इमारतीचं उद्घाटन मार्च २०२४ ला झालं, फोटो तिचेच निघाले. खरं काम डांबरात आहे.

तामगावकर :
त्या डांबराखाली ऊस होता, दादा. धावपट्टी वाढवायची म्हणून आसपासच्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, रस्त्याचा प्रश्न झाला तो वेगळा. माझ्या चुलत्यांचं रान गेलं. विहीर पण गेली. मी विरोधात नाही, माझाच पोरगा बेंगळुरूला असतो आणि विमानानंच येतो. पण उद्घाटनाला कुणी त्या लोकांचं नाव घ्यावं असं वाटलं होतं. चुलते अजून सकाळी उठून त्याच दिशेला चालायला जातात.

उचगावची_पोर :
काका 🙏 वाचून गलबललं. आमच्याकडंही दोन घरं अशी आहेत.

नकाशावाला :
@तामगावकर बरोबर आहे तुमचं. आधी हे लिहायला हवं होतं.

अंबाबाईची_लेक :
मे २०१९ ला तिरुपतीचं थेट विमान सुरू झालं तेव्हा सासूबाईंना नेलं. नवरात्रात बालाजीकडनं आपल्या अंबाबाईला शालू येतो, त्यामुळं त्या म्हणाल्या, "आता परतफेडीला आपण जाऊया." खिडकीत बसून सगळा वेळ जप. उतरल्यावर पहिलं वाक्य, "एवढ्यात आलं?" रेल्वेनं त्यांचे पाय सुजायचे.

गडहिंग्लजकर :
आम्ही बेळगावच्या सांब्रा विमानतळालाच जातो, जवळ पडतं. पण मुंबईला हॉस्पिटलचं काम होतं तेव्हा उजळाईवाडीवरनं तिकीट काढलं आणि ऐनवेळी विमान रद्द. कंपनीचं नाव लिहीत नाही. मेसेज आला तेव्हा आम्ही कागलच्या पुढं. तसंच रात्रीच्या बसला बसलो, वडिलांना मांडीवर झोपवून नेलं. विमानं वाढू देत, पण रोज आणि वेळेवर येऊ देत.

रंकाळा_वेस :
वडील बरे आहेत का आता?

गडहिंग्लजकर :
बरे आहेत. काल वैरण आणायला गेले होते, ऐकत नाहीत.

पुण्यात_राहतो :
घाईत विचारतोय, शनिवारी मित्र येतोय इकडनं. कांदा-लसूण चटणी हातातल्या बॅगेत चालते का?

अंबाबाईची_लेक :
नको रे भावा. तिखटपूड केबिनमध्ये नेऊ देत नाहीत, तपासणीला काढून ठेवतात. खाली द्यायच्या बॅगेत घाल, दोन पिशव्यांत घट्ट बांधून. तेल सुटतं.

पुण्यात_राहतो :
बरं झालं विचारलं. दोन किलो सांगितलीय.