मारहाण न करता चौकशी

‘कैद्यांना माणुसकीने वागवत बसलो तर शत्रूची माहिती मिळणार कशी’ असं काही जण म्हणतात, ते मला काही पटत नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाईदलाचा हान्स शार्फ पकडलेल्या अमेरिकन वैमानिकांची चौकशी करायचा. अंगाला हात लावायचा नाही. उलट रानात फिरायला न्यायचा, गप्पा मारायचा. एकदा सहज म्हणाला, तुमच्याकडे रसायनाचा तुटवडा दिसतो, म्हणून ट्रेसर गोळ्यांचा (जाताना मागे रंगीत रेघ सोडणाऱ्या गोळ्या) धूर लालचा पांढरा झालाय. वैमानिक पटकन बोलून गेला: छे, गोळ्या संपत आल्याची ती खूण! म्हणजे समोरच्याची बंदूक कधी रिकामी होणार हे जर्मनांना आयतंच कळलं.

शार्फ काही संत नव्हता, माणुसकीचं हे हत्यारच मारहाणीपेक्षा जास्त धारदार होतं. युद्धानंतर अमेरिकी हवाईदलानेच त्याला व्याख्यानासाठी बोलावलं.