मदत हवी आहे: थायलंडचा निवृत्ती व्हिसा, पेन्शन आणि ठेव मिळून ८ लाख बाट दाखवता येतात का?

सर्वांना सप्रेम जयभीम.

मी नागपूरची, वय ६१. शासकीय रुग्णालयात परिचारिका होते, २०२३ साली ५८ पूर्ण झाल्यावर इन्चार्ज सिस्टर म्हणून निवृत्त झाले. मिस्टर नाहीत. दोन्ही मुलं आपापल्या संसारात आहेत. मला थायलंडात चियांग माईला वर्षभर राहायचं आहे. पुढे जमलं तर आणखी.

कारण थोडक्यात सांगते, कारण घरी सगळे तेच विचारतात. धाकटा तर रोज फोनवर म्हणतो, "आई, कशाला जाऊन राहिली तू तिकडं?" २०१८ साली उपासक-उपासिकांच्या गटाबरोबर तिथे गेले होते. वाट उमोंग नावाचा जुना विहार आहे, झाडीत, विटांच्या बोगद्यांचा. तिथे पहाटे साडेचारला बसले होते. उभा जन्म रात्रपाळ्या केल्या, पहाट म्हणजे ताप बघायचा, सलाईन बदलायची आणि सातच्या आत चार्ज द्यायचा, एवढंच माहीत. कामाशिवायची पहाट तिथे पहिल्यांदा अनुभवली. मला चीवर घ्यायचं नाही, म्हणजे भिक्खुणी व्हायचं नाही, फक्त विहाराच्या जवळ एक खोली घेऊन स्वतःच्या पैशाने राहायचं आहे.

आता अडचण. वयाची अट ५० ची आहे, ती झाली. पैशाची अट तीन प्रकारे पुरी करता येते असं वाचलं: बँकेत ८ लाख बाट, किंवा महिन्याला ६५ हजार बाट उत्पन्न, किंवा ठेव आणि वर्षभराचं उत्पन्न मिळून ८ लाख बाट.

हिशेबाला मी एका बाटचे पावणेतीन रुपये धरले. ६५ हजार बाट म्हणजे महिन्याला पावणेदोन लाखांच्या वर. माझ्या हातात पेन्शन येते ४६ हजार रुपये, म्हणजे तो रस्ता बंद. ८ लाख बाट म्हणजे २२ लाख रुपये. माझ्याकडे ग्रॅच्युइटी वगैरेचे १५ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत पोस्टात आहेत, आणि साडेचार लाख बँकेत एफडीमध्ये. एकूण साडेएकोणीस. अडीच लाख कमी पडतात.

तिसऱ्या प्रकाराने मात्र जमतं. ४६ हजार रुपये म्हणजे अंदाजे १६,७०० बाट, वर्षाचे २ लाख. उरले ६ लाख बाट, म्हणजे साडेसोळा लाख रुपये. तेवढे माझ्याकडे आहेत. रात्री स्वयंपाकघरात बसून हा हिशेब तीनदा केला, तिन्ही वेळा तोच आला.

पण हे कागदावर सिद्ध कसं करायचं? माझा पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, मराठीत. त्यात मूळ निवृत्तिवेतन वेगळं, त्यावर महागाई वाढ वेगळी, अंशराशीकरणाची (पेन्शनचा काही भाग आधीच एकरकमी घेतला, त्याची) वजावट वेगळी. कोणता आकडा धरतात?

शिवाय खातेउताऱ्याबरोबर बँकेचं हमीपत्र मूळ प्रतीत मागतात. आमच्या शाखेत दोनदा जाऊन आले. पहिल्या दिवशी काउंटरवरच्या मुलीने, "असं पत्र आम्ही देत नाही, बॅलन्स सर्टिफिकेट घ्या," म्हटलं. दुसऱ्यांदा गेले तेव्हा ते दिलं. त्यावर माझं आडनाव आधी, मिस्टरांच्या नावाचं फक्त अक्षर, आणि माझ्या नावात एक 'ए' जास्त. पासपोर्टवर पूर्ण नाव आहे, एकाच 'ए'चं. रक्कम रुपयांत, खाली सही, पण सहीखाली अधिकाऱ्याचं नाव नाही. बदलून मागितलं तर सिस्टीममध्ये असंच आहे म्हणाली. छापील उताऱ्यावरही तेच नाव. ३० वर्षं त्याच खात्यात पगार जमा झाला, कुणाला कधी अडलं नाही.

वैद्यकीय दाखल्याबद्दलही लिहिते, कुणाला उपयोग होईल. कुष्ठरोग, क्षयरोग, हत्तीरोग, अंमली पदार्थांचं व्यसन आणि तिसऱ्या टप्प्यातला सिफिलिस नाही असं डॉक्टरांनी लिहून द्यायचं असतं. हत्तीरोग वाचून मी थबकलेच. आपल्या पूर्व विदर्भात तो किती, हे आम्हाला विचारा. जंतू रात्रीच रक्तात वर येतात, म्हणून रात्री वस्त्यांमधून फिरून बोट टोचून नमुने घेतले आहेत. माझी स्वतःची तपासणी करून घेतली, नमुना स्वच्छ आला. हा दाखला आणि पोलिसांचा दाखला, दोन्ही तीन महिन्यांच्या आतले लागतात, त्यामुळे पैशाचे कागद आधी तयार पाहिजेत. नाहीतर हे पुन्हा काढा.

तर विचारायचं ते हे: पोस्टातली बचत योजना धरतात का? ठेव अधिक पेन्शन असा अर्ज आपल्याकडच्या कुणाचा मंजूर झाला आहे का? मोठा मुलगा म्हणतो अडीच-तीन लाख मी टाकतो, दाखवून झाले की परत दे. मला ते पटत नाही, पण दुसरा मार्गच नसेल तर सांगा.

प्रतिसाद १

ताई, जयभीम. मी मूळचा पुण्याचा, थायलंडात हुआ हिनला राहतो. तिसरा प्रकार नियमातच आहे, त्यामुळे अर्ज करायला हरकत नाही. पेन्शनचा आकडा खात्यात प्रत्यक्ष जमा होतो तोच धरा. पीपीओचं इंग्रजी भाषांतर नोटरी करून जोडा आणि उताऱ्यात पेन्शनच्या जमा नोंदींवर खूण करा. महागाई भत्ता वाढेल म्हणून जास्त लिहू नका.

पोस्टातल्या योजनेवर विसंबू नका. व्हिसा देणाऱ्यांना बँकेतला, हात घालता येईल असा पैसा दिसायला हवा. खातं उघडून दोन वर्षं झाली असतील तर मुदतीआधी बंद करताना १ टक्का कापतात, १५ लाखांवर १५ हजार. ८.२ टक्क्यांचं व्याजही जाईल, ते मनाला लागेल. पण हा पैसा खर्च होत नाही, तुमच्याच नावावर राहतो.

मुलाचे पैसे घेऊ नका. अर्जाच्या तोंडावर अचानक मोठी रक्कम जमा झालेली दिसली की कुठून आली ते विचारतात. आणि काठावरचा आकडा ठेवू नका. साडेसोळाच लाख दाखवलेत तर बाट दहा-पंधरा पैशांनी वर गेला तरी कमी पडाल.

प्रतिसाद २

नागपूरकर आहे, कर सल्लागार म्हणून काम करतो. मॅडम, आधी एक ठरवा: पैसा इथेच ठेवून अर्ज करणार की तिकडे पाठवणार? इथूनच ओ-ए व्हिसा (तुम्ही म्हणता तो वर्षाचा निवृत्ती व्हिसा) काढला तर रक्कम भारतातल्या खात्यात चालते, तेव्हा पाठवायचा प्रश्न नाही. पुढे तिकडे मुदतवाढ घ्यायची झाली तर मात्र थाई बँकेत पैसे लागतील. तेव्हा लक्षात ठेवा, एका आर्थिक वर्षात १० लाखांपर्यंत पाठवले तर टीसीएस (पैसे पाठवताना बँक आधीच कापते तो कर) नाही, त्यावरच्या रकमेवर २० टक्के. म्हणून थोडे मार्चमध्ये, थोडे एप्रिलमध्ये पाठवा. कापला गेलाच तर विवरणपत्रात परत मागता येतो, पण तोवर पैसा अडकतो आणि तुमचं गणित काठावरचं आहे.

नावाचं म्हणाल तर बॅलन्स सर्टिफिकेटवर भांडू नका. पासपोर्ट आणि आधार घेऊन केवायसी दुरुस्तीचा अर्ज द्या आणि पोच घ्या. खात्यातलं नाव बदललं की पुढचे सगळे कागद आपोआप बरोबर येतील.

प्रतिसाद ३

ताई, विम्याचं कुणी बोललं नाही. ओ-ए ला ३० लाख बाटचं आरोग्य विमा संरक्षण लागतं, म्हणजे आपले ८० लाखांच्या वर. इथली ५ लाखांची पॉलिसी चालणार नाही. विमा कंपनीने त्यांच्या ठरावीक नमुन्यावर सही करून द्यावी लागते, आमच्या काकांना त्यासाठी दोन महिने खेटे घालावे लागले. त्यांनी शेवटी नॉन-इमिग्रंट ओ नावाचा ९० दिवसांचा दुसरा व्हिसा घेतला आणि तिकडे वर्षाची मुदतवाढ केली. त्यात विम्याची सक्ती नाही. पण मग ठेवीवर मुदतवाढ घ्यायची तर पूर्ण ८ लाख बाट थाई बँकेत अर्जाच्या दोन महिने आधीपासून हवेत, मंजुरीनंतर तीन महिने हलवायचे नाहीत, आणि पुढेही ४ लाखांच्या खाली जाऊ द्यायचे नाहीत. शिवाय दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा आणि देशाबाहेर जायचं तर आधी री-एन्ट्री परमिट, म्हणजे परत येण्याची परवानगी, घ्यायची.

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. दोन दिवस तुमचे प्रतिसाद वाचतेय.

मला मधुमेह आहे, गोळ्यांवर आहे. सिस्टर असून विम्याचा विचार शेवटी केला याचं वाईट वाटतं, पण बरं झालं आत्ताच कळलं. नॉन-इमिग्रंट ओ चा रस्ता विम्यावाचूनचा असला तरी माझे सगळे पैसे परदेशी बँकेत जातील आणि ४ लाख बाट तर कायम अडकतील. उद्या मलाच दवाखान्यात भरती व्हायची वेळ आली तर विमाही नाही आणि पैसाही मोकळा नाही. अशी माणसं मी कॅज्युअल्टीत पाहिली आहेत, नातेवाईक बाहेर उभे राहून फोन लावत असतात. तेव्हा ओ-ए च करणार. विम्याचा हप्ता परवडला नाही तर एक वर्ष थांबेन, पण विम्याशिवाय जाणार नाही.

पोस्टातलं खातं विमा पक्का झाल्याशिवाय मोडणार नाही. मुलाला पैसे नको म्हणून कळवलं. तो थोडा नाराज झाला, पण संध्याकाळी फोन करून नावाच्या दुरुस्तीसाठी बँकेत माझ्याबरोबर येतो म्हणाला. सोमवारी जातोय, पोच घेऊनच येऊ.

आता दोनच गोष्टी हव्या आहेत. साठीनंतर, मधुमेह असताना ३० लाख बाटचा विमा कुणी काढला असेल तर हप्ता किती पडला ते सांगा. आणि बँकेच्या हमीपत्राचा मंजूर झालेला मसुदा कुणाकडे असेल तर नाव आणि खाते क्रमांक झाकून इथे टाका. सोमवारच्या आत मिळाला तर छापून सोबत नेईन.